माळ पडीक नाही साहेब, चर खोदायच्या आधी एकदा येऊन बघा

मा. साहेब (जिल्ह्यात झाडं कुठं आणि कोणती लावायची हे ठरवणारे सगळे अधिकारी) आणि आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंच दादा, उपसरपंच, सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

विषय: गायरानावर मशीननं चर खोदून झाडं लावायचा ठराव थांबवण्याबाबत.

१ मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी एक ठराव वाचून दाखवला, "गावातील ११८ एकर पडीक गायरानावर सलग समतल चर खोदून वृक्षलागवड करणे", म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत लांबच लांब चर काढून झाडं लावणे. दोन मिनिटांत वाचून झाला, हात वर झाले, पुढचा विषय. मी मागं बायकांच्यात बसले होते, उठून बोलायला लागले तर कुणीतरी म्हणलं "ताई, झाडं लावायला पण विरोध करता का" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, मला तिथं नीट मांडताच आलं नाही. तेव्हापासून झाडाला विरोध करणारी बाई असं माझं नाव झालंय. म्हणून जे तिथं बोलायचं राहिलं ते इथं सगळ्यांसमोर लिहितेय. जून लागला की मशीन येणार आहे, त्याच्या आत माझं ऐकून घ्या एवढीच विनंती.

आधी मी कोण ते सांगते. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण कुणा एका माणसाला बोल लावायचा नाहीये. बालाघाटाच्या अंगाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांची हद्द लागते त्या भागातलं आमचं गाव. २००६ ला लग्न होऊन मी इथं आले. माहेरी बी.एस्सी. केलेलं, झूलॉजी घेऊन. सासरी चार एकर कोरडवाहू आणि सध्या सव्वीस शेळ्या, उस्मानाबादी. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी सगळा जन्म मेंढरं राखली, आता गुडघे गेलेत तरी रोज काठी टेकत माळाच्या कडेपर्यंत येतातच. कॉलेजात मी अन्नसाखळी, अन्नजाळं सगळं पाठ केलं होतं, आकृत्या काढल्या होत्या, मार्क पण चांगले पडले होते. पण ती साखळी चालते कशी हे मला आबांच्या मागं माळावर हिंडून कळलं. थोरल्या पोरीची नर्सिंगची फी शेळ्यांवर निघाली, आणि शेळ्या माळावर निघाल्या. त्यामुळं हा माझ्यासाठी पर्यावरण दिनाचा विषय नाही, घरातला आहे.

साहेब, तुम्ही माळ बघता तो बहुतेक एप्रिल-मे मध्ये, गाडीतून. तेव्हा तो पिवळा, उघडा, नुसता गोट्यांचा दिसतो. मलाही पहिल्या वर्षी तसाच दिसला. माझं माहेर नदीकाठचं, काळी जमीन, ऊस, त्यामुळं मी आबांना म्हणलं होतं की एवढी जागा नुसती पडून आहे, कुणी काही करत का नाही. आबा तेव्हा काही बोलले नाहीत. आषाढात एक दिवस बरोबर नेलं आणि खुरप्यानं गवताचा एक ठोंब उकरून दाखवला. वर वीतभरही गवत नव्हतं, आणि खाली मुळ्यांचा झुपका धरला तर माझ्या कोपरापर्यंत आला. म्हणाले, "गवत खाली ऱ्हातं पोरी, वर नुसतं डोकं काढतं."

हे एक वाक्य मला तुमच्यापर्यंत पोचवायचंय, बाकीचं सगळं त्याच्यातूनच येतं. आमच्याकडं माती फूटभर, खाली मुरूम. पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही सरळ पडत नाही, महिनाभर ताण आणि मग एका रात्रीत शंभर. अशा जागी मोठं झाड तग धरत नाही म्हणून माळ उघडा राहिला असं नाही, अशा जागेला जे जमतं तेच इथं हजारो वर्षांपासून उगवतंय. मारवेल, पवना, डोंगरी, शेडा, कुसळी, अंजन गवत, मधे मधे हिवर, बोर, बाभूळ, तरवड. मे महिन्यात गवत वरून मेल्यासारखं दिसतं पण ठोंब जिवंत असतो, दरवर्षी मुळ्यांचा काही भाग कुजतो, त्याची माती होते, नवीन मुळ्या त्याच वाटेनं खाली जातात. झाड आपला कार्बन बराचसा वर खोडात-फांद्यात ठेवतं, गवत तो जमिनीत ठेवतं, म्हणून वणवा लागला किंवा शेळीनं खाल्लं तरी तो जागेवर राहतो. पावसाचा थेंब गवतावर पडतो आणि फुटतो, मातीवर आदळत नाही, मुळ्यांच्या वाटेनं मुरतो, आणि मग खालच्या अंगाला झऱ्याला येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ना, त्या वर्षी सुद्धा आमच्या झऱ्याला माघापर्यंत पाणी होतं. गावातली अर्धी जनावरं त्याच्यावर प्यायली. झऱ्यावर कुठलंही काम झालेलं नाही, ना बंधारा ना चर, वरचं गवत एवढंच.

आता माझ्या तक्रारी. एक एक सांगते, पण माझ्या पद्धतीनं, कमी जास्त होईल.

पहिली तक्रार त्या "पडीक" शब्दाची. निजामाच्या काळापासून हे गायरान आहे, गावाच्या जनावरांसाठी राखलेलं. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात त्यात असे गवताळ माळ पडीक म्हणूनच मोजलेत, हे मला माहीत आहे, म्हणजे चूक तुमच्या एकट्याच्या टेबलावरची नाही. पण एकदा कागदावर पडीक लिहिलं की मग काहीही करायला मोकळं होतं, आज झाडं, उद्या सोलर, परवा आणखी काही. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायला पाहिजे, आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, पाखरं, जनावरं लिहून ठेवायची वही) पण तयार झालीये असं मला सांगण्यात आलं. आबांना विचारलं, इतर मेंढपाळांना विचारलं, बायकांना विचारलं, माळावर येऊन कुणी काही विचारल्याचं एकालाही आठवत नाही. कर्टुलं कुठं येतात, कुरडू कुठं, तितर कुठल्या अंगाला बसतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना न विचारता ती वही भरली असेल तर ती परत भरायला पाहिजे.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि ह्याला पुरावा गावातच आहे. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचा कार्यक्रम होता. तेव्हा आमच्या माळाच्या उत्तरेचा १२ एकराचा तुकडा घेतला होता. मशीननं चर काढले, मातीखालचा मुरूम वर आला आणि वरची माती खाली गाडली गेली. पाच-सहा जातीची रोपं लावली. मी स्वतः त्या वर्षी रोजंदारीवर खड्डे भरायला गेलेली आहे, म्हणून मला माहीत आहे. वड, पिंपळ, चिंच, कडुलिंब बहुतेक सगळं दोन उन्हाळ्यांत गेलं. राहिलं कोण, तर गिरीपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, ज्याला आपल्याकडं उंदीरमारी म्हणतात. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड, शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी चांगलं आहे, मी नाव ठेवत नाही. पण माळावर त्याची सावली पडली आणि खालचं मारवेल, पवना बसलं, कारण त्या गवतांना भर ऊन लागतं. आमच्या शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. आणि जिथं जिथं माती हलवली होती तिथं गाजरगवत आलं. गाजरगवताचा हा स्वभावच आहे, गवताची वीण घट्ट असेल तिथं त्याला शिरायला जड जातं, माती उकरली की लगेच येतं. सत्तर वर्षांपूर्वी पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं ते अशाच उकरलेल्या जागा धरत धरत सगळ्या देशात गेलं. आज त्या १२ एकरात बैल सोडत नाही कुणी, शेळी सोडत नाही कुणी, आणि आबा तर तिकडं बघत सुद्धा नाहीत. पावसाळ्यात वरून फोटो काढला तर मात्र ते १२ एकर हिरवेगार दिसतात. जी योजना १२ एकरात अशी झाली तीच आता ११८ एकरात करायची ठरवलीये, तीच झाडं, वर निलगिरी, आणि मधल्या सात वर्षांत त्या तुकड्याचं काय झालं हे बघायला कुणी आलेलं नाही.

त्यातच पुराचं सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही आम्ही सगळ्यांनी भोगलाय, गावंच्या गावं पाण्यात होती, जमिनी खरडून गेल्या. आमचा खालचा अर्धा एकर त्या १२ एकराच्या बरोबर खाली येतो. त्या रात्री चर भरले आणि एका ठिकाणी फुटले, मग एकाखाली एक फुटत गेले, मुरूम आणि गोटे घेऊन पाणी सोयाबीनमधून गेलं. सकाळी बघितलं तर खाली नुसता खडक. शेजारच्या भाऊजींचं शेत गवताच्या अंगाखाली आहे, त्यांच्याकडं पण पाणी आलं, पीक त्यांचंही गेलं, पण माती जागेवर राहिली, रब्बीला त्यांनी ज्वारी पेरली. आमच्याकडं पेरायला मातीच नव्हती. चर वाईटच असतात असं म्हणत नाही मी, जिथं उघडी नांगरलेली उताराची जमीन आहे तिथं ते उपयोगाचे असतील. पण जिथं गवतानं माती धरलीये तिथं ते गवत उपटून चर काढायचे म्हणजे दार काढून चौकट बसवल्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट जनावरं-पाखरांची, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण ग्रामसभेत एक सदस्य म्हणाले की माळावर आहेच काय, उंदीर आणि साप. बरोबर आहे, उंदीर आणि साप आहेत. म्हणूनच कापशी घार आहे, जी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि खाली उंदरावर पडते. म्हणूनच धामण आहे, घुबड आहे, खोकड आहे. हे सगळे राहतात माळावर पण चरायला, म्हणजे शिकारीला, रात्री आपल्याच शेतात उतरतात, ज्वारीत, हरभऱ्यात. माळ गेला की त्यांची घरं गेली, उंदीर मात्र शेतात राहणार, त्याला बांध पुरतो. थंडीत भोवत्या येतात, मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत येणारा शिकारी पक्षी, दिवसभर शेतावरून खालून खालून उडत नाकतोडे वेचतो आणि रात्री झोपायला त्याला झाड चालत नाही, त्याला उंच गवतच लागतं, जमिनीवर झोपतो तो. गवत काढून झाड लावलं तर पाखरांना घर मिळेल असं तुम्हाला वाटतं, भोवत्याचं तर आहे ते घर जातं. चंडोल, धाविक, पखुर्डी, तितर, टिटवी, ह्या सगळ्यांची अंडी जमिनीवर, गोट्यांच्यात. आणि झाडं उभी केली की कावळ्यांना बसायला जागा होते, वरून सगळी अंडी दिसतात त्यांना.

मधमाशीचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. पोळं करून राहणाऱ्या माश्या आपल्याला माहीत असतात, पण जगातल्या बहुतेक जातीच्या मधमाश्या जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. त्यांना न नांगरलेली, उघडी, उन्हातली जमीन लागते, म्हणजे माळ. त्या माळावरून उठतात आणि आपल्या करडईवर, तुरीवर, तिळावर, सूर्यफुलावर येतात. सूर्यफूल तर मधमाशीशिवाय नीट भरतच नाही, हे लातूर-धाराशिवच्या जुन्या शेतकऱ्याला सांगायला नको. ह्याचं बिल आपल्याला कधी येत नाही म्हणून ते फुकट आहे असं आपण धरून चाललोय.

शेणकिडे बघितलेत का कधी? पावसाळ्याच्या सुरुवातीला शेणाचा पो पडला की एका रात्रीत ते तो जमिनीत ओढून नेतात. शेण मुरतं, बिळांतून पाणी मुरतं, जनावरावरच्या माश्या कमी होतात. खताची पिशवी नाही, फवारणी नाही.

एक कडी काढली की काय होतं ह्याची उदाहरणं आपल्या राज्यात आहेत, लांब जायला नको. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं अभ्यास केला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी होते. त्यामुळं सरडे वाढले, तिथल्या पठारावरचा सरडा, नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो तो (शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला, म्हणजे जीनसला, २०१६ मध्ये 'सरडा' हेच मराठी नाव दिलंय, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं). पण वाढलेले सरडे अंगानं वाळलेले, रंगानं फिके निघाले, कारण खाणारी तोंडं वाढली. पवनचक्कीनं सरड्याला हात पण लावला नव्हता. वरची घार गेली आणि खाली सरड्याचा रंग बदलला. आपल्या बीड-धाराशिवच्या डोंगरांवर पण पवनचक्क्या आहेत, म्हणून सांगते.

आणि गिधाडं. आबा सांगतात, गावाच्या खालच्या अंगाला मेलेलं ढोर टाकलं की दोन तासांत हाडं पांढरी व्हायची. मी लग्न होऊन आले तेव्हा एकही उरलं नव्हतं. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचत होते, मेलेल्या जनावरातनं ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि किडन्या बंद पडायच्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकसुद्धा राहिलं नाही देशात. २००६ ला जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर उशीर झाला होता. गिधाड गेल्यावर मढी कुत्र्यांनी धरली, कुत्र्यांचे कळप झाले, आणि आज तेच कळप माळावर आमची करडं फाडतात. गेल्या वर्षी माझी दोन करडं नेली. एका इंजेक्शनापासून माझ्या करडापर्यंत ही वाट येते, कुणी मुद्दाम केलं नव्हतं, सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं होतं. म्हणूनच मी घाबरते, साहेब. तुमचा हेतू पण चांगलाच आहे.

लांडग्याबद्दल गावात दोन मतं आहेत हे मान्य. आबांनी लांडग्यापायी मेंढरं गमावलीत, तरी ते म्हणतात लांडगा माळाचा, कुत्रा गावाचा, लांडगा एक नेतो आणि जातो, कुत्री पाच मारून टाकून देतात. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास राहिलेत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे वाघापेक्षा कमी, आणि तो जंगलात राहात नाही, तो अशाच माळावर राहतो. आमच्या माळावर ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याची गुहा आहे, चर त्याच्यावरूनच जाणार आहेत. हरणांचा, रोह्यांचा, डुकरांचा शेतकऱ्याला त्रास आहे, मी पण रात्री राखण करते, हरभरा हरणं खातात तेव्हा माझाही जीव जळतो. पण ११८ एकर गवत काढल्यावर ती हरणं जाणार कुठं, हे ठराव करणाऱ्या एकाही सदस्यानं विचारलं नाही. ती आपल्याच रानात येणार. आबांनी लहानपणी ह्याच माळावर माळढोक बघितला होता, असं ते सांगतात. त्याच्यासाठी सोलापूरकडं नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य केलं, आज तिथं पण तो दिसणं मुश्किल आहे, देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास. माळढोक झाडावर बसत नाही. त्याच्या माळावर आपण शेतं केली, रस्ते केले, विजेच्या तारा ओढल्या, झाडंही लावली.

बाहेरचं झाड माळावर आणल्यावर पुढं काय होतं ते कच्छच्या बन्नीत बघावं. आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांत त्याचं नाव होतं. तिथं १९६१ च्या सुमारास वेडी बाभूळ लावली, खारं वाळवंट पुढं सरकू नये म्हणून, हेतू चांगलाच. ती अर्ध्याहून जास्त बन्नीवर पसरली, गवत गेलं, गुरं राखणाऱ्यांचं चराऊ रान आटत गेलं. आता तीच झाडं मशीन लावून उपटून गवत परत आणायचं काम चालू आहे. लावायला पण सरकारचाच पैसा, उपटायला पण सरकारचाच.

चौथी तक्रार जनावरांच्या माणसांची, म्हणजे आमची. उस्मानाबादी शेळी, देवणी आणि लाल कंधारी गाय-बैल, दख्खनी मेंढी, ह्या जातींचं नाव प्रदर्शनात घेतात, बक्षिसं देतात. ह्या जाती गोठ्यात बसून झालेल्या नाहीत, त्या माळानं घडवल्यात, कमी पाण्यावर, कुसळीच्या कोवळ्या पाल्यावर. ठराव झाला की पहिली पाच वर्षं चराईबंदी येणार, मग मी सव्वीस शेळ्या कुठं नेऊ? कडब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, ते पैसे पण सरकारचेच गेले. ज्या गावाचा माळ शाबूत आहे त्याची छावणी महिनाभर तरी उशिरा लागते. आणि गावात शेळ्या बहुतेक करून बायकांच्या आहेत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा बायकांच्या. शेळी विकली की पैसा तिच्या हातात येतो, दवाखाना, वह्या, पोरीची फी. ह्यातल्या एकीलाही विचारलेलं नाही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती ह्या विषयावर झाली नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते, कारण माझं पत्र कुणी उलटं वापरू नये. गायरानाच्या दक्षिणेला काही भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसून खातात. मराठवाड्यात हा प्रश्न जुना आहे, दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनचा आणि त्याच्याही आधीचा. माळ वाचवा म्हणजे ह्यांना उठवा असं मी म्हणत नाहीये. त्यांच्या बायका माझ्याबरोबरच शेळ्या आणतात.

आणि आमची चूक पण सांगते. आम्ही सगळ्यांनीच माळ ओरबाडला. आधी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत अर्धा माळ राखायचे, गवताला बी धरू द्यायचे, बी पडलं की मग मोकळा, पुढच्या वर्षी दुसरा अर्धा. ही राखण वीसेक वर्षांपूर्वी मोडली, आता जो तो आपापल्या सोयीनं जनावर घालतो. काही ठिकाणी माळ खरंच खरवडलाय. काहीजण शिमग्याच्या आसपास उगाच पेटवून देतात, त्यात सरडे, घोरपडी, सगळं जळतं. हे थांबवायला आम्हाला तुमची मदत पाहिजे, ती मशीनची नाही.

"मग झाडं लावायचीच नाहीत का" असं विचारता. लावायची ना. आपल्या भागात जंगल किती कमी आहे हे मला माहीत आहे. रस्ता रुंद करताना आपल्या डोळ्यांसमोर वड आणि चिंचा गेल्या, तिथं लावा. ओढ्याच्या दोन्ही काठांना करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावा, तिथं पाणी आहे, माती आहे, तिथलं झाड जगतं. शाळेत, स्मशानभूमीत, बाजारतळावर, शेताच्या बांधावर लावा, मी स्वतः पन्नास रोपांना दोन उन्हाळे पाणी घालायची लेखी हमी देते. माळावर लावायचंच तर हिवर, बोर, बाभूळ एवढंच, तेही एकराला दोन-चार, आबा जागा दाखवतील.

माझ्या मागण्या:

१) जूनमधलं चर खोदायचं काम थांबवा. ठराव परत ग्रामसभेत आणा, त्याच्या आधी महिला ग्रामसभा घ्या, आणि मेंढपाळांना, शेळ्यावाल्या बायकांना, भूमिहीन कुटुंबांना नाव घेऊन बोलवा.

२) कागदावरचं "पडीक" काढून "गवताळ गायरान" असं लिहा. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला असाच माळ आहे, लोक तिथं लांबून चिंकारा बघायला येतात, म्हणजे हे जमू शकतं.

३) एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा माळाची पाहणी करा आणि जैवविविधता नोंदवही त्यावरून नव्यानं भरा. परभणीच्या कृषी विद्यापीठातली किंवा जवळच्या कॉलेजची पोरं बोलवा, गवतं ओळखायला आबा आहेत, भाकरी आम्ही देऊ.

४) त्या १२ एकरातलं गिरीपुष्प टप्प्याटप्प्यानं काढा, फुटलेले चर बुजवा, गाजरगवत फुलायच्या आत रोजगार हमीतून उपटून घ्या, आणि मारवेल-पवन्याचं बी टाका. बी विकत आणायचं नाही, ह्याच माळावरून दिवाळीनंतर बायका गोळा करतील, त्यांना मजुरी द्या.

५) अर्ध्या-अर्ध्या माळाची राखण परत सुरू करायला ग्रामपंचायतीनं ठराव करावा. माझ्या शेळ्या पहिल्या वर्षी मीच बाहेर ठेवते.

६) लांडग्यानं किंवा कुत्र्यांनी मेंढरू-करडू मारलं तर पंचनामा वेळेत व्हावा. वेळेत होत नाही म्हणून लोक गुहेत धूर करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सरपंच दादा, तुम्ही पण ह्याच माळावर गुरं वळलीत, आबा सांगतात. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. योजना आली, निधी परत जाऊ नये असं तुम्हाला वाटलं असेल, तुमच्या जागी मला पण वाटलं असतं. पण निधी ओढ्याकाठच्या झाडांना, गवताच्या बियांना, राखणदाराच्या पगाराला लावता येईल का हे साहेबांना आपण मिळून विचारू, मी तुमच्याबरोबर येते.

परवा मोजणीवाले येऊन चराच्या जागी चुन्याची फक्की मारून गेले. त्यातल्या तिसऱ्या रेघेपासून दोन हातावर टिटवीनं चार अंडी घातलीत, गोट्यांच्यात, ओढ्याच्या वर उंचवट्याला. उंचावर घातलीत म्हणजे पाऊस चांगला होणार असं आबांचं म्हणणं आहे. पिल्लं निघायला अजून तीन आठवडे तरी जातील. मी रोज सकाळी सात ते दहा शेळ्या घेऊन तिथंच असते, पांढऱ्या खडकाजवळ. साहेब, सरपंच दादा, सदस्य, ज्यांना जमेल त्यांनी या, मी सगळं दाखवते. गाडी खालीच लावा, आणि येताना पाय बघून टाका.

आपली,
गावातली एक शेळ्या राखणारी